डिस्चार्ज कुठे करायचा?

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपर काढताना आधी तीन गोष्टी विचारतात: नाव, वय आणि पत्ता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला असे केसपेपर ओळखीचे आहेत, ज्यांवर पत्त्याच्या जागी 'फुटपाथ', 'स्टेशन परिसर' किंवा 'पुलाखाली' एवढेच लिहिलेले असते. काहींवर तर नावाच्या जागीही 'अनोळखी इसम' असते. कुणाला पोलिसांनी आणलेले असते, कुणाला १०८ च्या रुग्णवाहिकेने, तर कुणाला एखाद्या रिक्षावाल्याने.

अशा रुग्णावर उपचार होत नाहीत, हा समज बरोबर नाही. उपचार होतात. सलाइन लागते, जखमा धुतल्या जातात, रक्त तपासले जाते, वॉर्डातल्या मावशी त्याला आंघोळ घालतात. आठ-दहा दिवसांत माणूस उठून बसतो, जेवतो, नाव-गाव सांगू लागतो. खरी अडचण अकराव्या दिवशी येते. खाट रिकामी करायची असते, कारण बाहेर दुसरा रुग्ण जमिनीवर गादी टाकून पडलेला असतो. डिस्चार्जचा कागद तयार होतो. पण डिस्चार्ज कुठे करायचा, याचे उत्तर त्या कागदावर नसते. मग तो जिथून आला होता तिथेच परत जातो आणि काही आठवड्यांनी त्याच अवस्थेत पुन्हा दाखल होतो.

बेघरपणा, मानसिक आजार आणि व्यसन या तीन प्रश्नांवर आपल्याकडे वेगवेगळी चर्चा होते. त्यांची खाती वेगळी, योजना वेगळ्या आणि दिवसही वेगळे साजरे होतात. रस्त्यावर मात्र हे तिन्ही प्रश्न बऱ्याचदा एकाच माणसाच्या अंगावर असतात. मुंबईत या साखळीतली सर्वांत कच्ची कडी औषधांची नाही. ती आहे रुग्णालयाचे दार आणि राहण्याची जागा यांच्यामधली. ही दोन्ही टोके बऱ्याच अंशी एकाच संस्थेच्या, म्हणजे महापालिकेच्या हातात आहेत.

तीन आजार, एक माणूस

नेहमीचे चित्र पाहू. चाळिशीतला नाका कामगार. गावाकडचे घर तुटलेले, इथे भाड्याची खोली गेलेली. काम मिळाले तर जेवण आणि त्याच्या आधी देशी दारू. फुटपाथवर रात्री डास, पाऊस, गाड्यांचे आवाज आणि चोरीची भीती असते. तिथे दारू हीच झोपेची गोळी असते. एका दिवशी तो फिट येऊन पडतो आणि रुग्णालयात येतो.

इथे दारू एकदम बंद होते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आल्यासारखे वाटते, रुग्ण खाटेवरून पळतो. हा 'वेडेपणा' नव्हे, मेंदूची तात्पुरती पण जिवावर बेतणारी अवस्था आहे. योग्य औषधे, द्रवपदार्थ आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व यांनी ती बहुतेकदा आटोक्यात येते. हा भाग आठवड्याभराचा असतो. दारूची ओढ मात्र पुढे कित्येक महिने टिकते. त्यासाठी गोळ्या आहेत, समुपदेशन आहे, पण दोन्हींना नियमित येणे-जाणे लागते.

छातीच्या फोटोत क्षयरोग निघाला तर गुंता वाढतो. अतिमद्यपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. औषधे किमान सहा महिने, रोज घ्यायची. मधेच सुटली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तेच जंतू लोकलच्या डब्यात, नाक्यावर, झोपडपट्टीत इतरांपर्यंत पोहोचतात. म्हणजे त्या माणसाच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, हा तुमच्या-माझ्या आरोग्याचाही प्रश्न आहे.

दुसरा रुग्ण स्किझोफ्रेनियाचा. कानात आवाज येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करताहेत असे वाटते. या आजाराला उत्तम औषधे आहेत. गोळी रोज घेणे शक्य नसेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा द्यायची इंजेक्शनेही आहेत. त्यांना बर्फ, मोठे यंत्र असे काही लागत नाही. लागते ते एवढेच: ठरलेल्या दिवशी तो माणूस सापडला पाहिजे. फुटपाथ मोकळा करण्याच्या मोहिमेत पथारीबरोबर गोळ्यांची पिशवी आणि केसपेपरही जातो. माणूस दुसऱ्या पुलाखाली सरकतो आणि पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला कुणालाच सापडत नाही.

स्टेशनांच्या आसपासच्या मुलांमध्ये नशा वेगळी असते. व्हाइटनर, थिनर, पंक्चर काढायचे सोल्युशन. स्वस्त, सहज मिळणारे आणि भूक मारणारे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत आणि किशोरांत १.१७ टक्के आढळले. मुलांत प्रौढांपेक्षा जास्त असलेली ही एकच नशा आहे. त्याच पाहणीनुसार दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात. हे घरदार असलेल्यांसह सगळ्यांचे प्रमाण आहे. घर नसलेल्यांची अवस्था यावरून समजावी.

निवाऱ्यांचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. मुंबईत ५७ हजारांहून अधिक बेघर मोजले गेले, देशात सुमारे १७ लाख ७० हजार. एका रात्रीत झालेली मोजणी कमीच भरते, हे या क्षेत्रात काम करणारे नेहमी सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे. जो माणूस लपून झोपतो, तो मोजणीतूनही निसटतो.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या अधिकाराच्या प्रकरणात मोठ्या शहरांना बाराही महिने, चोवीस तास चालणारे निवारे उभारायला सांगितले. दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, हा निकष त्यातून पुढे आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तो पक्का झाला: एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय आणि प्रत्येकी निदान पन्नास चौरस फूट जागा. वृद्ध, मानसिक रुग्ण आणि आजारातून उठलेले अशांसाठी विशेष निवारे करण्याची मुभाही याच योजनेत होती.

आता साधा भागाकार करू. २०११ ची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे. एकट्या उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९३ लाख ५० हजार, म्हणजे ९३ निवारे. अंधेरीच्या के-पूर्व आणि के-पश्चिम विभागांत मिळून १५, घाटकोपरच्या एन विभागात ६, बोरिवलीच्या आर-मध्य विभागात ५ आणि मुलुंडच्या टी विभागात ३. वाचकांनी आपल्या विभागातले निवारे मोजून पाहावेत. मुंबई या निकषाच्या जवळपासही पोहोचलेली नाही. आणि निकष पूर्ण झाला तरी सोय होते सुमारे साडेबारा हजारांची, तीही ५७ हजारांपैकी.

जागा नाही, हे नेहमीचे उत्तर. मुंबईत जागेची टंचाई आहे, यात वाद नाही. पण शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात बेघर निवाऱ्यांचा विचार नागरी सुविधा म्हणून केला गेला आहे. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे आहे. टंचाई पैशांपेक्षा प्राधान्याची दिसते.

कायद्याची शेवटची पायरी

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. या विषयावर तो अतिशय स्पष्ट आहे. कलम १८ म्हणते, दारिद्र्यरेषेखालील, निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत उपचार पूर्ण मोफत मिळाले पाहिजेत. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही या कायद्याच्या व्याख्येत येतात. म्हणजे व्यसनी माणूस या कायद्याबाहेरचा नाही.

कलम १०० पोलिसांसाठी आहे. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, रस्त्यावर भटकणारा माणूस आपल्या हद्दीत आढळला तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेऊन तपासणी झाली पाहिजे. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे, हेही पोलिसांचेच काम. तपासणीत दाखल करण्याइतका आजार आढळला नाही तर पोलिसांनी त्याला घरी सोडायचे आणि घर नसेल तर बेघरांसाठीच्या सरकारी आस्थापनेत.

कायद्याची ही शेवटची पायरी नीट वाचावी. संसदेने गृहीत धरले आहे की अशी आस्थापना जवळपास असेलच. उपनगरातल्या पोलिस ठाण्यातल्या हवालदाराला रात्री अकरा वाजता विचारा, या माणसाला कुठे सोडायचे? त्याच्याकडे उत्तर नसेल तर दोष त्याचा नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी जिना बांधला आणि वरची खोली बांधायचे काम शहरावर सोडले.

कलम १९ आणखी पुढे जाते. केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येत नाही. अशा लोकांसाठी निमनिवासी घरे, गटघरे उभी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. राज्यात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मुलुंडच्या पलीकडे लगेच असलेले ठाण्याचे रुग्णालय १९०१ पासूनचे. बरे होऊनही जायला जागा नाही म्हणून वर्षानुवर्षे राहिलेल्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यावर एक उपाय म्हणून राज्यात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि तत्सम ठिकाणी हलवले जात होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला ते ताबडतोब थांबवायला सांगितले. एका बंदिस्त जागेतून दुसऱ्या बंदिस्त जागेत नेणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

पाच खाती, शून्य पत्ता

हा माणूस कुणाच्या कक्षेत येतो? मनोरुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय विभागाकडे. भिक्षेकरी गृहे महिला व बालविकास विभागाकडे. पोलिस गृह खात्याकडे. उपनगरी रुग्णालये, दवाखाने आणि बेघर निवारे महापालिकेकडे, पण तिथेही रुग्णालय आरोग्य खात्यात आणि निवारा वेगळ्या खात्यात.

या सगळ्यांत सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा वाटणारा मार्ग भिक्षा प्रतिबंधक कायद्याचा आहे. १९५९ च्या या कायद्यानुसार उपजीविकेचे दिसणारे साधन नसलेला, भटकणारा माणूसही 'भिकारी' ठरू शकतो. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे आणि वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत त्याला गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्याच्या शिक्षेच्या तरतुदी रद्द केल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही भीक मागणाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला आणि हा सामाजिक-आर्थिक प्रश्न असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात मात्र कायदा कायम आहे. ज्याला दारू तुटल्याने कंप सुटलाय किंवा ज्याच्या कानात आवाज येताहेत, त्याच्यासाठी ही वाट रुग्णालयाकडे न जाता बंद दाराकडे जाते.

बोरिवलीत सुरू झालेले काम

हे जमू शकते, याचा पुरावा शोधायला फार लांब जायला नको. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने १९८८ मध्ये 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' सुरू केले. डॉ. वाटवानींची प्रॅक्टिस बोरिवलीतली. नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्यांनी त्याला दवाखान्यात नेले. उपचारांनंतर कळले की तो पदवीधर आहे आणि त्याने वैद्यकीय प्रयोगशाळेचा अभ्यासक्रमही केला आहे. पुढे दहिसरला वीस खाटांचे आणि २००६ मध्ये कर्जतला मोठे केंद्र उभे राहिले. रस्त्यावरून आणायचे, उपचार करायचे आणि बरे झाल्यावर गावाचा पत्ता शोधून घरी पोहोचवायचे, अशी ही साधी पद्धत. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर सात हजारांहून अधिक माणसे अशी घरी परतली होती.

या कामातून दोन गोष्टी दिसतात. रस्त्यावरचा 'वेडा' हा अनेकदा वेळेवर औषध न मिळालेला, कुणाचा तरी मुलगा किंवा बहीण असतो. आणि औषध लागू पडायला दोन-तीन महिने त्याला कुठेतरी राहू द्यावे लागते. कर्जतच्या केंद्राने नेमकी ही जागा आणि हा वेळ दिला.

ज्यांना परतायला घरच नाही, त्यांचे काय? चेन्नईच्या 'द बनियन' या १९९३ पासून काम करणाऱ्या संस्थेने त्यावर उपाय काढला. साध्या वस्तीत भाड्याचे घर, त्यात चार-पाच जणी किंवा चार-पाच जण आणि मदतीला एक प्रशिक्षित कार्यकर्ती. बेघर मनोरुग्णांसाठी संस्थेने उभारलेल्या तातडीच्या उपचार केंद्रांचे प्रारूप तमिळनाडू सरकारने जिल्हा रुग्णालयांत नेले. काम संस्थेने सुरू केले, पण सरकारने ते आपले मानले. मुंबईत पहिली गोष्ट झाली, दुसरी व्हायची आहे.

व्यसनमुक्तीतला धडा पुण्याच्या 'मुक्तांगण'चा. डॉ. सुनंदा अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केले, तेव्हा गर्दने शहरात धुमाकूळ घातला होता. पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारांइतकेच महत्त्व तिथे नंतरच्या पाठपुराव्याला आहे, रुग्णांच्या पत्नींसाठीच्या 'सहचरी' गटाला आहे. म्हणजे उपचाराचा अर्धा भार घर उचलते. घर नसलेल्या माणसासाठी तो भार कुणी उचलायचा, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

आधी नशा सोड की आधी आत ये?

निवाऱ्यात यायला बेघर स्वतःच तयार नसतात, अशी तक्रार ऐकू येते. त्यात तथ्य आहे. निवारा कामाच्या नाक्यापासून दूर असतो, नवरा-बायकोला वेगळे राहावे लागते, सामान ठेवायला कुलूपबंद जागा नसते आणि प्यायलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. शेवटच्या नियमामुळे, ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तोच बाहेर राहतो.

जगात यावर बराच विचार झाला आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'आधी घर' ही कल्पना आकाराला आली: व्यसन सोडण्याची अट न घालता आधी राहायला जागा द्या, उपचार त्यासोबत चालू द्या. फिनलंडने २००८ पासून हे राष्ट्रीय धोरण केले. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांवर याची शास्त्रीय चाचणी घेतली. शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होते. पण नशेत आणि मानसिक लक्षणांत सुधारणा झाली ती दोन्ही गटांत साधारण सारखीच. म्हणजे घर मिळाले की दारू आपोआप सुटते, असे नाही. घर हे औषध नव्हे. घर ही औषध पोहोचवायची जागा आहे. दोन्ही लागतात.

मुंबईत प्रत्येकाला घर देणे उद्या शक्य नाही, हे मान्य. पण त्यामागचे तत्त्व निवाऱ्यालाही लागू करता येते. जो मारामारी करत नाही, त्याला प्यायलेला आहे एवढ्यावरून बाहेर ठेवू नये.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. 'आमच्या इमारतीशेजारी नको, इथे सोय केली तर आणखी लोक येतील.' ही भीती समजण्यासारखी आहे, तिला हसू नये. पण हे लोक आजही आपल्या इमारतीशेजारीच आहेत, फक्त छताशिवाय आणि औषधाशिवाय. ते नजरेआड गेले तरी शहरातून जात नाहीत. देखरेखीखालचा, औषध घेणारा, रात्री झोपलेला माणूस शेजाऱ्यांसाठीही अधिक सुरक्षित असतो.

महापालिकेला काय करता येईल

एक, प्रत्येक उपनगरी रुग्णालयाच्या जवळ वीस-पंचवीस खाटांचा 'आजारातून उठलेल्यांचा निवारा'. योजनेत तशी तरतूद होतीच. तिथे लागते एक परिचारिका, दोन मदतनीस, कुलूपबंद कपाटे आणि केसपेपर जपणारी फाइल. रुग्णालयाची खाट अडवून ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल आणि पुन्हा पुन्हा दाखल होणेही कमी होईल.

दोन, 'आपला दवाखाना'चा उपयोग. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेले हे दवाखाने सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ३ ते रात्री १० असे चालतात. नाक्यावर काम करणाऱ्याला संध्याकाळची वेळ जमते. मोठ्या रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाने एकदा उपचार ठरवले की नेहमीच्या गोळ्या आणि महिन्याचे इंजेक्शन इथे देता येईल. केसपेपर हरवला तरी नोंद संगणकात सापडली पाहिजे. आधार कार्ड मागून कुणाला परत पाठवू नये.

तीन, प्रत्येक विभाग कार्यालयात या कामाचा एक जबाबदार माणूस. रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवक, पोलिस ठाण्याचा अधिकारी, निवारा चालवणारी संस्था आणि सहायक आयुक्तांचा प्रतिनिधी यांची महिन्यातून एक बैठक. 'अनोळखी' म्हणून दाखल झालेल्या आणि 'अनोळखी' म्हणूनच वारलेल्या प्रत्येकाचा त्यात आढावा घ्यावा. माता मृत्यूंचा असा आढावा आपण घेतो, मग यांचाही का नको?

चार, आकडे उघड करणे. विभागवार निवारे किती, खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, रुग्णालयातून तिथे पाठवलेले किती. जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसे मागता येत नाहीत.

आणि आपण

रस्त्यावर पडलेला माणूस दिसला की 'पिऊन पडलाय' म्हणून पुढे जाणे सोपे असते. डोक्याला मार, रक्तातली साखर घसरणे, फिट, उष्माघात हे सगळे बाहेरून तसेच दिसते. हाक मारा, हलवून पाहा. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका आणि १०८ ला फोन करा. मानसिक आजारी वाटणारा माणूस भटकताना दिसला तर पोलिसांना कळवा आणि कलम १०० चा नम्रपणे उल्लेख करा. त्याचा व्हिडिओ काढून पसरवू नका, त्याच्या घरचे तो कधीतरी पाहतील. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी 'टेली-मानस'चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे मोफत क्रमांक आहेत. ज्याच्याकडे फोन नाही, त्याच्यासाठी आपला फोन वापरता येतो.

फुटपाथवर राहणाऱ्यांच्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच, मुंबईच्या खटल्यात सांगितले. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. आता प्रश्न निकालाचा किंवा नव्या कायद्याचा राहिलेला नाही. तो खाटांचा आणि जागेचा आहे. महापालिकेचा पुढचा अर्थसंकल्प येईल तेव्हा उड्डाणपूल आणि सागरी मार्गांच्या आकड्यांखाली आपल्या विभागातल्या बेघर निवाऱ्यांची ओळ शोधा. सापडली नाही तर आपल्या प्रतिनिधीला आणि सहायक आयुक्तांना विचारा: आमच्या रुग्णालयातून बरा झालेला माणूस तुम्ही कुठे पाठवणार आहात?